तीन लाख किलोमीटरनंतर

[दृश्य: कोल्हापूर, उद्यमनगर. शटर वर जातात. लेथ सुरू झाल्याचा आवाज.]

ऑइल इंजिन आणि फाउंड्रीच्या धंद्यावर उभा राहिलेला हा भाग. इथल्या गल्ल्यांत सिलिंडर बोअर करणारे आहेत, क्रँक घासून देणारे आहेत, इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, प्लेन करणारे आहेत. नवीन पार्ट मिळाला नाही तर जुनाच दुरुस्त करून वापरायचा, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही.

आज रॅम्पवर एक इनोव्हा चढली आहे. पहिल्या पिढीतली, अडीच लिटर डिझेल. मीटरवर तीन लाखांच्या वरचा आकडा. गाडी जुनी, मालक नवा. गाडी घेतल्यापासून त्याला घरीदारी एकच प्रश्न ऐकावा लागतोय. तीन लाख रनिंगची गाडी कशाला घेतलीस?

प्रश्न साधा वाटतो. पण ज्या आकड्यावर तो उभा आहे, तो आकडा एकट्यानं फारसं काही सांगत नाही.

[दृश्य: शेतातला ट्रॅक्टर. डॅशबोर्डवरचं अवर मीटर.]

ट्रॅक्टर विकत घेणारा शेतकरी किलोमीटर विचारत नाही, तास विचारतो. जेसीबीचं तसंच, जनरेटरचंही तसंच. इंजिन किती लांब गेलं यापेक्षा किती वेळ फिरलं, हे त्याला महत्त्वाचं वाटतं. कारच्या बाबतीत मात्र आपण ही शहाणीव विसरतो.

आता दोन गाड्या घ्या. एक पुण्यात हडपसरहून हिंजवडीला रोज जाऊन येणारी. सिग्नल, कोंडी, पहिला गिअर, दुसरा गिअर, सरासरी वेग ताशी २० किलोमीटर धरा. ८०,००० किलोमीटर व्हायला तिचं इंजिन ४,००० तास चाललं. दुसरी पुणे–नागपूर, पुणे–शिर्डी अशी लांबची भाडी मारणारी. तिची सरासरी ६० धरा. ती तेवढ्याच ४,००० तासांत २,४०,००० किलोमीटर चालली. बाजारात पहिली ‘कमी चाललेली’, दुसरी ‘पिळून काढलेली’. इंजिनाच्या हिशेबानं दोघी एकाच वयाच्या.

किंबहुना पहिलीचेच हाल जास्त झाले असण्याची शक्यता आहे. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल इंजिनाच्या तळातल्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये उतरलेलं असतं. सकाळी स्टार्टर मारल्यावर ते पुन्हा वर पोचेपर्यंत धातू धातूवर घासतो, आणि इंजिनाची पुष्कळशी झीज याच वेळी होते. चार-पाच किलोमीटरच्या फेरीत ऑइल पुरतं तापतही नाही. मग त्यात साचलेली वाफ आणि इंधनाचा अंश उडून जात नाही, ऑइल लवकर खराब होतं. क्लच, ब्रेक, गिअर यांचा वापर तर शहरात कितीतरी पट. लांब पल्ल्याची गाडी सकाळी एकदा तापते आणि दिवसभर त्याच तापमानावर, एका लयीत चालते. इंजिनाला याहून सुखाचं आयुष्य नाही.

म्हणून ‘किती चालली’ याच्या जोडीला ‘कुठं चालली, कुणाच्या हातात चालली’ हेही विचारायला हवं.

[दृश्य: समृद्धी महामार्ग, पहाट. पर्यटकांच्या गाड्या.]

टोयोटानं इनोव्हा भारतात २००५ मध्ये आणली, क्वालिसच्या जागी. २०१६ मध्ये तिची पुढची पिढी, इनोव्हा क्रिस्टा, येईपर्यंत ही पहिली पिढी विकली जात होती. अष्टविनायक, पंढरपूर, विमानतळ, लग्नाची वऱ्हाडं. महाराष्ट्रातल्या टुरिस्ट धंद्यातली बरीच वर्षं या गाडीनं ओढली. लॅडर चासी, म्हणजे शिडीसारखा लोखंडी सांगाडा, मागच्या चाकांना ताकद, हायड्रॉलिक स्टिअरिंग. नाजूक इलेक्ट्रॉनिक्स कमी, उघडून दुरुस्त करता येण्याजोगं जास्त. तीन-चार लाख चाललेली इनोव्हा रस्त्यावर दिसली तर कुणी थांबून बघत नाही, हीच तिची खरी पावती.

पण अमर असं यात काही नाही. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल सांभाळायला क्रिस्टाच्या डिझेल इंजिनाला टायमिंग चेन आहे; या जुन्या इंजिनाला रबरी टायमिंग बेल्ट. तो ठरलेल्या अंतरावर बदललाच पाहिजे. तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि काही हजारांचं काम इंजिन खोलण्यावर जातं. जुन्या मालकाकडं बेल्ट बदलल्याचं बिल नसेल, तर तो बदललेला नाही असं धरून चालायचं. इथं विश्वासाचा प्रश्नच नाही. बिल आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

[दृश्य: जुन्या गाड्यांचा बाजार. ओळीनं लावलेल्या, पॉलिश मारलेल्या गाड्या.]

आणि मीटरवरचा आकडा खरा आहे, हे तरी कशावरून? डिजिटल मीटर लॅपटॉप जोडून मागं करता येतो, हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. ‘डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड वापर’ हे वाक्य ऐकून घ्यावं आणि खाली वाकून पेडलचं रबर बघावं. पन्नास हजार किलोमीटरमध्ये ब्रेक पेडलचं रबर सहसा गुळगुळीत होत नाही. स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हर सीटची बाजू, गिअरच्या मुठीवरचे पुसलेले आकडे, यांचा मेळ मीटरशी बसतो का ते पाहावं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. काचांवर निर्मितीची खूण असते. एकच काच वेगळ्या सालाची निघाली तर ती का बदलली हे विचारावं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेलेल्या गाडीची नोंद तिथं राहते. मालकाला सोबत नेऊन ती मागावी. तो टाळाटाळ करू लागला तर उत्तर मिळालंच.

पुराचं पाणी ही आपल्याकडची वेगळी आणि गंभीर गोष्ट. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ मध्ये पुन्हा कोल्हापूर-सांगली आणि चिपळूण. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्यांचा गंज, वायरिंगच्या जोडांतली हिरवट बुरशी, मॅटखालचा कुबट वास हे पॉलिशनं झाकत नाही. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. इंजिन बांधता येतं. बुडालेलं वायरिंग वर्षानुवर्षं छळतं.

[दृश्य: पुन्हा गॅरेज. मिस्त्री ऑइलचं झाकण काढतात, इंजिन चालू.]

मिस्त्री पहिल्यांदा कानानं तपासतात. थंड इंजिन सुरू करायला सांगतात. गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर त्यांना शंका येते. मग चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण काढतात. तिथून भसाभसा धूर आला, झाकण थडथडू लागलं, तर गॅरेजच्या भाषेत ‘बॅक कॉम्प्रेशन’. पिस्टनच्या रिंगा आणि बोअर झिजले आहेत, वरचा दाब खाली निसटतोय. झाकणाच्या आत दुधाळ चिकटा दिसला तर पाणी ऑइलमध्ये जात असेल, हेड गॅस्केट बघावं लागेल. सायलेन्सरचा धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर डिझेल फवारणारं नोझल, एअर फिल्टर किंवा धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर, यांपैकी काहीतरी. ही तपासणी पंधरा-वीस मिनिटांची, पण तिनं लाखाचा निर्णय होतो. गाडी घेण्याआधी मिस्त्रींना सोबत न्यावं आणि त्यांच्या वेळेचे पैसे न घासता द्यावेत.

इनोव्हाचं इंजिन ठीक निघालं. पण काम इथूनच सुरू होतं.

जास्त चाललेली गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात तिचे सगळे द्रव बदलावेत. इंजिन ऑइल तर सगळेच बदलतात. गिअर ऑइल, मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलचं ऑइल, ब्रेक ऑइल आणि इंजिन थंड ठेवणारं कूलंट यांच्याकडं मात्र आधीच्या मालकानं कधी पाहिलेलं असेलच असं नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. आंबेनळी किंवा कुंभार्लीचा लांब उतार उतरताना ब्रेक तापतात, ती ओल उकळते, आणि पेडल अचानक मऊ लागतं. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला फार खर्च येत नाही. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची सवय मात्र कायमची सोडावी. उताराला गिअरमध्ये गाडी उतरवणं हाच अर्धा ब्रेक आहे.

कूलंटवर जरा थांबू या, कारण आपल्याकडं गाड्या सर्वांत जास्त इथं मरतात.

[दृश्य: ढाब्याच्या नळाखाली बाटली भरली जाते. रेडिएटरमध्ये पाणी ओततात.]

रेडिएटरमधलं पाणी कमी झालं, ढाब्यावर बाटली भरली, ओतली. एकदा अडचणीत केलं तर गाडी घरी पोचते. तीच सवय झाली तर बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या वाटेत, थर धरतात. थंडीत काही कळत नाही. एप्रिलमध्ये, एसी लावून, सात माणसं बसवून खंबाटकी चढताना काटा वर सरकतो. चालवणारा म्हणतो, घाट संपला की थांबू. तेवढ्यात हेड वाकतं. तीन लाख किलोमीटर सुखरूप चाललेलं इंजिन त्या शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये जातं. काटा वर गेला की त्याच क्षणी गाडी बाजूला घ्यावी, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये, आणि पाणी कमी का झालं याचं कारण शोधल्याशिवाय पुढचा प्रवास ठरवू नये. पाणी आपोआप कमी होत नाही. होज, पंप, रेडिएटर किंवा गॅस्केट, कुठंतरी वाट असतेच.

रबराचं वय किलोमीटरवर नाही, वर्षांवर चालतं. बुश, होज, इंजिन माउंटिंग, स्टिअरिंगचे बूट. दारात उभ्या असलेल्या गाडीचंही रबर कडक होतं. खड्ड्यात गाडी खडखडली की बहुतेक जण शॉकअप बदलतात, आणि आवाज तसाच राहतो, कारण दोष पन्नासाव्या वर्षाच्या गुडघ्यासारखा सांध्यात असतो. आर्मच्या बुशात, लिंक रॉडमध्ये, बॉल जॉइंटमध्ये. आधी गाडी उचलून, हलवून, कुठं खेळ आहे ते बघणारा मिस्त्री मिळाला तर त्याला सोडू नये. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे पार्ट मिळतात. पण बेल्ट, ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्या पार्टमध्ये स्वस्ताई करू नये.

[दृश्य: संग्रहातील छायाचित्रं. लाल व्होल्व्हो.]

किती चालू शकते गाडी? अमेरिकेत लाँग आयलंडवर विज्ञान शिकवणारे अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ मध्ये व्होल्व्हो पी १८०० एस घेतली. २०१३ मध्ये अलास्कातल्या रस्त्यावर त्या गाडीनं तीस लाख मैल पूर्ण केले. म्हणजे ४८ लाख किलोमीटर. त्यांनी वापरलेली विद्या गुप्त नव्हती. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेली सर्व्हिस वेळेवर, आणि गाडीच्या आवाजाकडं लक्ष. ग्रीसमधल्या एका टॅक्सीचालकानं मर्सिडीज २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली. २००४ मध्ये कंपनीनं ती आपल्या संग्रहालयासाठी घेतली. त्याची रीत वेगळी होती. तो इंजिनं आलटून-पालटून बसवत राहिला. उद्यमनगरातल्या कुठल्याही मिस्त्रीला ही दुसरी रीत लगेच पटेल.

जास्त चाललेल्या गाडीची एक वही असावी. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती पैसे लागले. त्या वहीमुळं मिस्त्री बदलला तरी गाडीची कुंडली तुमच्याकडं राहते. आणि गाडीला जेवढी किंमत दिली त्याचा चौथा-पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळा ठेवूनच सौदा करावा. ज्याच्याकडं तेवढे उरत नाहीत, त्यानं थोडी लहान गाडी घ्यावी. मोठी गाडी स्वस्तात मिळते, तिचे पार्ट मात्र मोठ्या गाडीच्याच भावानं येतात.

[दृश्य: रत्नागिरीजवळचा किनारा. गाडीच्या खालचा भाग, गंजलेली चासी.]

थांबायचं कधी, हेही सांगितलं पाहिजे. इंजिन गेलं म्हणून गाडी टाकू नये. गिअरबॉक्स गेला म्हणूनही नाही. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत वर्षं काढलेल्या गाडीची चासी मात्र स्क्रू ड्रायव्हर टोचून बघावी. टोक आत गेलं तर विषय संपला. अपघातात माणसं ज्या लोखंडाच्या भरवशावर वाचतात, त्याला पट्टी मारून चालत नाही.

कागदाचंही वय असतं. खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यावर तिथल्या गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी घेताना ना-हरकत दाखला आणि इथं भरावा लागणारा कर यांचा हिशेब आधी करावा. टुरिस्ट परमिटची गाडी खासगी करायची असेल तर तिथंही कर आणि परमिट सरेंडरचं काम आहे.

विकणाऱ्यानं मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी देऊन टाकली, पुढचं काम एजंट करेल म्हणून विसरला, असं आपल्याकडं सर्रास होतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की नोंदणीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईच्या दृष्टीनं मालक. भंगारात दिलेल्या गाडीलाही हेच लागू. मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि नोंदणी रद्द करून घेता येते. गल्लीतल्या भंगारवाल्याकडं रोख थोडी जास्त मिळेल, पण आरसी बुकावर तुमचंच नाव राहील आणि ती चासी उद्या कुठल्या रस्त्यावर उतरेल हे तुम्हाला कळणार नाही.

[दृश्य: आरटीओ. खिडकीवर कागद देणारा नवा मालक.]

इनोव्हाच्या नव्या मालकानं टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि सगळी ऑइलं बदलून घेतली आहेत. हस्तांतराचा अर्ज आज दाखल होतोय. पुढच्या आठवड्यात गाडी पंढरपूरला जाणार आहे, घरातली सात माणसं घेऊन.