लीनची सुरुवात ढिगापासून करा, पट्ट्यांपासून नको

नमस्कार मंडळी!

लीन मॅन्युफॅक्चरिंगवर व्हिडिओ करा, ही मागणी कमेंटमध्ये सारखी येतेय. गोव्यातल्या कुंडई, वेर्णा, बेतोडा, डिचोली, सगळीकडून. आणि बहुतेकांचं म्हणणं एकच: मोटारीच्या कारखान्याचं उदाहरण नको, आमच्यासारख्या पंधरा-वीस माणसांच्या युनिटचं द्या. रास्त आहे. म्हणून आज काजूचं युनिट घेऊ, बी उकडण्यापासून पाकीट सील होईपर्यंत. तुमचं काम मोल्डिंगचं असो, बेकरीचं असो की फॅब्रिकेशनचं, हिशोब हाच लागू पडतो.

मूळ गोष्टी भराभर उरकतो, त्या कुठेही मिळतात. दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटात तिथलेच अभियंते ताइइची ओनो यांनी ही पद्धत उभी केली. 'लीन' हे नाव तिला 1988 साली संशोधक जॉन क्राफसिक यांनी दिलं. गिऱ्हाईक ज्या कामाचे पैसे मोजतं ते काम मोलाचं, बाकीचं वाया. ओनोंनी वाया जाणाऱ्या सात गोष्टी सांगितल्या: गरजेपेक्षा जास्त माल काढणं, ताटकळणं, मालाची ने-आण, नको तेवढी प्रक्रिया, साठा, माणसांची फुकटची हालचाल आणि खराब माल. माणसाची अक्कल न वापरणं ही आठवी, ती नंतर जोडली गेली. झालं. यादी पाठ करून कुणाचा कारखाना सुधारत नाही.

आता एक कमेंट. 'आमच्याकडे फाइव्ह एस झालंय (म्हणजे कामाची जागा आवरून, नीट लावून ठेवायची पद्धत), जमिनीवर पिवळे पट्टे मारलेत, बोर्ड लावलेत, पुढे काय?' मला याचा खरंच त्रास होतो, कारण यात मालकाचे पैसे जातात, कामगारांचा उत्साह जातो आणि सहा महिन्यांनी 'लीन आपल्याकडे चालत नाही' असा शिक्का बसतो. पट्ट्यांच्या आत अर्धवट मालाचा तोच ढीग शिस्तीत रचून ठेवला, तर ढीग कमी झाला का? नाही ना. सातांपैकी पहिली गोष्ट, जास्त माल काढणं, ही ओनोंच्या मते सगळ्यात वाईट, कारण बाकीची नासाडी तिच्यातूनच जन्म घेते. आज मी हाच एक मुद्दा धरून बसणार आहे. तीनदा सांगेन, तीन बाजूंनी.

[स्क्रीनवर: उकडणे – रात्रभर गार करणे – फोडणे – बोर्मा – साल काढणे – निवड – पॅकिंग]

पहिली बाजू, दिवस. समजा तुमचं युनिट रोज 400 किलो बी फोडतं. गर साधारण चौथा हिस्सा निघतो, म्हणजे 100 किलो. आता फोडणीपासून पॅकिंगपर्यंत जेवढा गर क्रेटमध्ये, पिंपात, टेबलावर पडलाय, तो सगळा वजन करा. 600 किलो निघाला? मग आज फोडलेला गर पाकिटात जायला 6 दिवस लागणार. मधला माल भागिले रोजचा माल, बस. जॉन लिटल यांनी 1961 साली गणिताने सिद्ध केलेला नियम आहे हा. माणसं कितीही भराभर हात चालवोत, ढीग 600 किलोचा आणि रोजचा माल 100 किलोचा असेल तर 6 दिवस म्हणजे 6 दिवस. ढीग 200 किलोवर आणा, 2 दिवस. यात नवीन मशीन कुठे आलं?

हो, काही थांबणं टळत नाही. उकडलेलं बी रात्रभर गार व्हायलाच हवं, नाहीतर फोडताना गर तुटतो. बोर्म्यात, म्हणजे वाळवणीच्या भट्टीत, गर सहा ते आठ तास राहणारच. ते प्रक्रियेचंच काम आहे, त्याच्याशी भांडू नका. भांडायचं ते बोर्म्याच्या अलीकडे-पलीकडे जे क्रेट नुसते उभे असतात त्यांच्याशी.

दुसरी बाजू, खराब माल. फोडणीच्या मशीनचं पातं जरा सरकलं की गराला चीर पडते. फोडताना हातात बी तेलाने काळं झालेलं असतं, सालीतला गर असतो, चीर दिसत नाही. ती दिसते साल काढताना, अख्ख्या गराची पाकळी होते तेव्हा. मध्ये 3 दिवसांचा ढीग असेल तर पातं आज बिघडलं हे तुम्हाला 3 दिवसांनी कळणार. तोवर 300 किलो गर त्याच पात्याखालून गेलेला. 320 नंबरच्या प्रतीचा अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावातला फरक तुम्ही जाणताच. ढीग अर्ध्या दिवसाचा असता तर 50 किलोवर निभावलं असतं आणि पातं नेमकं कधी, कुणाच्या हाताखाली सरकलं हेही सापडलं असतं. 3 दिवसांनी कुणालाच काही आठवत नसतं.

आणि आपल्याकडचा पाऊस विसरू नका. बोर्म्यातून निघालेला गर सुकून सालीपासून सुटलेला असतो. जुलैच्या हवेत तो उघडा दोन दिवस पडला की ओल धरतो, साल परत चिकटते. मग बायका सुरीने खरवडतात, गरावर ओरखडे येतात, तुकडा वाढतो. मालक म्हणतो, साल काढणाऱ्यांचा हात बरोबर नाही. हात बरोबर आहे हो, क्रेट दोन दिवस उघडे होते!

तिसरी बाजू, पैसे. हिशोबापुरता गर किलोला 700 रुपये धरा. 600 किलो म्हणजे 4 लाख 20 हजार रुपये जमिनीवर. 200 किलो म्हणजे 1 लाख 40 हजार. मधले 2 लाख 80 हजार तुम्ही बँकेच्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जातून उचलताय, त्यावर व्याज भरताय आणि मार्च ते मे बी खरेदीच्या हंगामात हातात रोकड नाही म्हणून कुरकुरताय. बियांचा वर्षभराचा साठा हंगामातच करावा लागतो, त्याला इलाज नाही. पण अर्धवट झालेल्या मालाचा साठा करा असं कुणी सांगितलंय?

मग ढीग का होतो? दोन कारणं, आणि दोन्हींशी मालकाच्या आळसाचा संबंध नसतो.

एक, मजुरी. फोडणीचे पैसे किलोवर मिळतात. म्हणून फोडणारा पुढे जागा असो नसो, फोडतच राहणार. त्याचं चुकत नाही, त्याचं घर त्यावर चालतं. साल काढण्याच्या टेबलापुढे 5 क्रेटची जागा आखा, क्रेट 20 किलोचा, म्हणजे एका दिवसाचा माल. ती भरली की फोडणी थांबली पाहिजे. पण थांबलेल्या माणसाला रिकामं बसवलंत आणि त्याची मजुरी बुडाली, तर तुमचा नियम आठवडाभरही टिकणार नाही, टिकूही नये. त्याला साल काढायला, निवडायला शिकवा आणि त्या तासांचे पैसे त्याच्या रोजच्या सरासरीने द्या. हे आधी ठरवून, सगळ्यांसमोर सांगून मगच जागा आखा. 'लीन म्हणजे माणसं कमी करणं का', असं विचारणाऱ्यांना हेच माझं उत्तर. ढीग कमी केल्यावर पहिल्याच महिन्यात कुणाला घरी बसवलंत, तर सुधारणेची दुसरी सूचना तुम्हाला कुणी कामगार देणार नाही.

दोन, बदलाचा वेळ. ही खरी अवघड पायरी. पाऊच मशीनवर 250 ग्रॅमवरून 500 ग्रॅमवर जायला दीड तास लागतो, म्हणून तुम्ही दिवसभर 250च काढता. दुकानदाराला हवं असतं दोन्ही. मग 250 चा ढीग आणि 500 ची बोंब.

दीड तास जातो कुठे? मोबाइल स्टँडवर लावून एक बदल पूर्ण शूट करा. साधारण असं दिसेल: रोल गोदामात शोधणं 15 मिनिटं, खोकी आणणं 10, कोडरमध्ये (पाकिटावर छापणाऱ्या यंत्रात) बॅच-तारीख-एमआरपी घालून तपासणं 10, कॉलर (पाकिटाला आकार देणारा भाग) बदलणं 20, पाकीट सील करणाऱ्या जबड्यांचं तापमान स्थिर होणं 15, चाचणी पाकिटं, वजन आणि गळती बघणं 20.

पहिल्या तिन्ही गोष्टी मशीन चालू असतानाच उरकता येतात. रोल आणि खोकी ट्रॉलीवर शेजारी उभी, कोडरचा मजकूर आधीच लिहून दुसऱ्याने वाचून सही केलेला. 35 मिनिटं गेली. उरलेल्या 55 मध्ये कॉलरच्या बोल्टऐवजी खटक्याचे क्लॅम्प लावा, पान्याचं काम संपतं, 20 ची 8 होतात. हीटर बंद करू नका आणि प्रत्येक मापाच्या पाकिटासाठी लागणारं तापमान कागदावर लिहून मशीनला चिकटवा, 15 ची 5. फिलरच्या, म्हणजे पाकिटात माल भरणाऱ्या भागाच्या मापपट्टीवर 250 ची आणि 500 ची खूण कोरा, म्हणजे अंदाजाने फिरवणं बंद, 20 ची 8. झाली 21 मिनिटं. 1969 साली टोयोटातल्या 1000 टनी प्रेसचा साचा बदलायला 4 तास लागायचे. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी हीच वाट धरून तो वेळ आधी दीड तासावर आणि मग 3 मिनिटांवर आणला.

कोडरची सही मात्र कधीही गाळू नका. 500 च्या पाकिटावर 250 ची एमआरपी छापली गेली तर वाचवलेली सगळी मिनिटं पाकिटं फोडण्यात जातील. आणि मसाला काजूनंतर साधा काजू घ्यायचा असेल तर धुण्या-पुसण्याचा वेळ कमी करायचा नाही. त्याऐवजी क्रम लावा: साधा, मग खारा, मग मसाला. मोठी सफाई दिवसातून एकदाच.

आता नीट ऐका, कारण इथेच सगळे घसरतात. दीड तासाची 21 मिनिटं झाली की मालक खूश होतो आणि वाचलेल्या 69 मिनिटांत अजून 250 ची पाकिटं काढतो. ढीग वाढला! वाचलेला वेळ जास्त माल काढायला नाही, जास्त वेळा बदलायला वापरायचा. पूर्वी एक बदल, 90 मिनिटं. आता चार बदल, 84 मिनिटं. माल तेवढाच, पण रोज दोन्ही पाकिटं तयार आणि प्रत्येक खेप आधीच्या चौथाईएवढी. मशीन बंद दिसलं की मालकाचा जीव खालवर होतो, ते मला समजतं. पण मशीन उभं राहिल्याचा खर्च डोळ्यांना दिसतो आणि मालाच्या ढिगाचा दिसत नाही, एवढाच काय तो फरक. मशीन चालतंय म्हणजे कमाई होतेय, हे डोक्यातून काढा. पाकीट विकलं गेलं की कमाई.

चतुर्थीबद्दल बरेच जण विचारतात: माणसं गावी जातात, दुकानांची मागणी वाढते, मग साठा नको कसा म्हणता? करा की! किती किलो, कुठल्या तारखेपासून, कधी संपणार, हे भिंतीवर लिहून करा. पॅक झालेल्या मालाचा करा, सोललेल्या उघड्या गराचा नको. ज्याला तारीख आणि आकडा आहे तो साठा ठीक. अडचण त्या ढिगाची, जो का आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

सरकारी मदतीचं विचारलंत. केंद्राच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) मंत्रालयाची स्पर्धात्मक लीन योजना मार्च 2023 मध्ये सुरू झाली. उद्यम नोंदणी लागते, बेसिक, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स्ड अशा पायऱ्या आहेत आणि सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के वाटा केंद्र उचलतं. अर्ज करण्याआधी सध्याचे नियम पोर्टलवर वाचून घ्या.

सल्लागार येण्याआधी दोन कामं करून ठेवा. सोमवारी सकाळी फोडणीतून निघणाऱ्या 10 क्रेटना चिठ्ठी बांधा, प्रत्येक टेबलावर क्रेट आला कधी आणि गेला कधी, एवढंच पेनने लिहायचं. आणि पाऊच मशीनच्या एका बदलाचं शूटिंग. कुठल्या टेबलापुढे क्रेट सगळ्यात जास्त तास उभा राहिला आणि बदलाला किती मिनिटं लागली, हे दोन आकडे खाली कमेंटमध्ये टाका. सोबत धंदा कुठला तेही लिहा, म्हणजे पुढच्या व्हिडिओत तुमच्याच आकड्यांवर काम करू.