देवीचा व्रण आणि ममता कार्ड

बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका जुन्या घरात राहणाऱ्या या आजींच्या दंडावर रुपयाएवढे दोन गोल व्रण आहेत. लहानपणी देवी काढल्या, म्हणजे देवी रोगाची लस टोचली, त्याच्या या खुणा. देवी टोचणारा तेव्हा दारात येत असे आणि आई किती शिकली आहे याची चौकशी कोणी करत नसे. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त घोषित झाला, त्यामागे अशा घरोघरच्या फेऱ्यांचे श्रम होते.

आजचे लसीकरण मात्र आईला उठून जायला लावते. जन्मताच क्षयाविरुद्धची बीसीजी, मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला पाच रोगांवरची एकत्रित पेंटाव्हॅलंट, नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेला, पुढे दीड वर्षाच्या सुमारास बूस्टर, असे ते वेळापत्रक आहे. तारीख लक्षात ठेवणे, टोचल्यावर ताप आला तर न घाबरता पुढच्या वेळी पुन्हा जाणे आणि घरात 'मी बाळाला घेऊन जाते' असे ठामपणे म्हणणे, इतके सगळे आईकडून अपेक्षित असते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या मातांच्या मुलांपैकी सुमारे ५२ टक्के, तर बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या मातांच्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झालेले आढळले. शिकलेली आई बहुधा बऱ्या परिस्थितीतली आणि दवाखान्याजवळ राहणारीही असते, त्यामुळे या फरकाचे सगळे श्रेय शाळेला देता येणार नाही. तरी सिस्टरला उलट प्रश्न विचारण्याचा धीर शाळा देते, हे खरे.

सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये साऱ्या बडोदे संस्थानात लागू झाले आणि मुलीही त्यात होत्या. आजी मराठी शाळेत चौथीपर्यंतच शिकल्या, पण गुजराती त्यांना बाजारातल्या पाट्या वाचता वाचता आली.

त्यांची नातसून जळगावची, बी.कॉम. झालेली. बुधवारी ममता दिवस, म्हणजे लसीकरणाचा दिवस असतो आणि आशाबेन, म्हणजे आशा कार्यकर्ती, आदल्या दिवशी निरोप देऊन जातात. नातसुनेच्या हातातले ममता कार्ड, म्हणजे बाळाच्या लशींची नोंद असलेले कार्ड, मात्र गुजरातीत आहे. शिरोरेघ नसलेली ती अक्षरे अजून तिच्या डोळ्यांत बसलेली नाहीत. लसीला गुजरातीत 'रसी' म्हणतात, हेही तिला इथे आल्यावर कळले. शिक्षण किती वर्षांचे, हे सर्वेक्षणाचा तक्ता विचारतो. कोणत्या लिपीतले, हे विचारत नाही.

"आजी, इथे काय लिहिलंय?" असे म्हणत ती कार्ड पुढे करते. आजी चष्मा नाकावर सारतात, बोट रकान्यांवरून सावकाश खाली नेतात आणि एका रिकाम्या चौकटीवर थांबतात.

"चौदाव्या आठवड्याची राहिली आहे, गं. उद्या बुधवारच आहे."