भेसळीत सापडलेलं एन्झाइम

श्रोतेहो, नमस्कार. तान्ह्या बाळाची सर्दी छातीत उतरते, श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते, हे तुम्ही पाहिलं असेल. त्या वेळी आत काय चाललेलं असतं? आरएसव्हीसारखा विषाणू श्वासनलिकांत शिरलेला असतो. पांढऱ्या पेशी त्याच्यावर धावून जातात आणि प्राणवायूपासूनच हत्यार बनवतात, सुपरऑक्साइड. हे हत्यार आपलं-परकं ओळखत नाही. बाळाच्या श्वासनलिकांच्या अस्तरालाही इजा होते. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण. त्याला आवर घालतं शरीरातलंच एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया झटपट घडवणारं प्रथिन, सुपरऑक्साइड डिसम्युटेज. नाव लांबलचक आहे, आपण एसओडी म्हणू.

या एसओडीची गोष्ट मला फार आवडते. 1938 साली मान आणि केलिन या शास्त्रज्ञांनी बैलाच्या रक्तातून तांबं असलेलं निळसर प्रथिन वेगळं काढलं. त्याचं काम काय? कळेना. पुढची तीस वर्षं ते बिनकामाचंच राहिलं. मग अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात, अर्विन फ्रिडोविच यांच्या हाताखाली जो मॅककॉर्ड नावाचा विद्यार्थी एक अभिक्रिया तपासत होता. तीत एक ओळखीचं प्रथिन घातलं की ती अडायची. दोष साहजिकच त्या प्रथिनावर आला. पण खोलात गेल्यावर दिसलं, अडवणारं ते नव्हतंच! त्याच्या नमुन्यात दुसरंच काही मिसळलेलं होतं. भेसळ, श्रोतेहो, भेसळ! तिचा माग काढत मॅककॉर्ड पुन्हा रक्तापाशी पोचला, आणि हाती आलं तेच, 1938चं निळसर प्रथिन, म्हणजेच आपलं एसओडी. 1969 साली त्याचं काम जगाला कळलं. शाळेत न जुळलेलं उत्तर मुलं खोडून टाकतात. माझं विचाराल तर त्यालाच जादा गुण द्यावेत! असो.

एसओडी सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. तेही घातकच. मग कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही दुसरी एन्झाइमं त्याचं पाणी करतात. जखमेवर पेरॉक्साइड ओतलं की फसफसतं, ती कॅटलेजचीच करामत. ही एन्झाइमं गर्भात शेवटच्या टप्प्यात वाढतात. पुन्हा सांगतो, शेवटच्या टप्प्यात. म्हणून दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचा साठा तोकडा असतो.

मग बाटलीतून एसओडी पाजावं का? नाही. ते प्रथिन आहे, पोटात पचून जाईल. बाळाजवळ सिगारेटचा धूर नको, कारण धुरानं ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो. आणि प्राणवायूसुद्धा गरजेपुरताच. 1940 आणि 50च्या दशकांत तो सढळ हातानं दिल्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या हजारो बाळांची दृष्टी गेली. म्हणूनच बाळाच्या पायाला सेन्सर लावून, रक्तातल्या प्राणवायूचा आकडा बघत, डॉक्टर प्राणवायू कमी-जास्त करतात.