थांबायचं कधी, हे हृदयाला कोण सांगणार?

हृदयाच्या स्कॅनमध्ये जो पांढरट पट्टा दिसतो ना, तो हार्ट अटॅकनंतरचा व्रण असतो. इथे आधी धडधडणारा स्नायू होता. कातडी कापली तर भरून येते, हाड मोडलं तर जुळतं, पण हृदयाचं तसं नाही, ऐन पंचविशीतही त्याच्या स्नायूपेशी वर्षाला जेमतेम १ टक्का नव्या होतात, म्हातारपणी त्याहून कमी, म्हणून मेलेल्या जागी शरीर नुसतं ठिगळ लावतं. आणि ठिगळ धडधडत नाही.

या पेशींना परत वाढायला लावू शकेल अशी एक गोष्ट म्हणजे मायक्रोआरएनए. साधारण २२ अक्षरांची चिमुकली साखळी, जीनकडून निघालेल्या निरोपाला चिकटते आणि प्रोटीन बनणं दाबून टाकते. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकून यांनी ती १९९३ साली एका मिलिमीटरभर कृमीत दाखवली, २०२४ चं नोबेल त्यालाच.

इटलीत त्रिएस्तेला संशोधक माउरो जाक्का यांच्या टीमने असे शेकडो मायक्रोआरएनए हृदयाच्या पेशींवर तपासले. त्यातले काही, विशेषतः १९९ए आणि ५९० या नावांचे, पेशीला ‘आता वाढू नको’ म्हणणाऱ्या जीन्सना गप्प करतात आणि झोपलेल्या पेशी परत विभागायला लागतात! उंदरांत हे २०१२ ला दिसलं.

मग डुकरं, कारण त्यांचं हृदय आकाराने आपल्यासारखं. रक्तवाहिनी थोडा वेळ बंद करून अटॅक आणला, मग एका निरुपद्रवी व्हायरसमधून १९९ए चा जीन थेट हृदयात सोडला. महिन्याभरात व्रण आकसला, पंपिंग सुधारलं. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता, खरंच.

पण व्हायरसने नेलेला जीन बंद कसा करणार? तो चालूच राहिला, हृदयात अर्धवट घडलेल्या पेशींचे पुंजके वाढत गेले, ठोक्यांची लय बिघडली, आणि पुढच्या काही आठवड्यांत बहुतेक डुकरं अचानक मेली. २०१९ च्या त्या पेपरमध्ये टीमने यशाइतकंच हेही स्पष्ट लिहिलं, आणि मला त्यांचं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण ते झाकलं असतं तर पुढची पाळी माणसाची होती.

म्हणून आता व्हायरस नको, प्रयोगशाळेत बनवलेला मायक्रोआरएनए चरबीच्या बारीक थेंबात भरून द्यायचा असा प्रयत्न आहे. उंदरांच्या हृदयात त्याचं एकच इंजेक्शन पुरलं, पेशी विभागल्या, आणि काही दिवसांत तो आपोआप विरून गेला.