अंगणातली जलपिंपळी

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यात भर दुपारी फरशी घातलेल्या अंगणात अनवाणी उतरून बघा, पाय टेकवत नाही. म्हणून माझं सांगणं आहे, अंगणातली निदान एक पट्टी मातीची राहू द्या आणि तिच्यावर जलपिंपळी पसरू द्या.

नदी-तळ्याच्या काठाला, पाटाच्या कडेला ही आपली आपण वाढते. घाणेरीच्या कुळातली, पण काटा नाही. जमिनीसरशी पसरते आणि आपल्या हवेत बारा महिने हिरवी राहते. खाली बसून तिचं फूल बघा. नखाएवढं गडद बोंड, त्याच्याभोवती पांढऱ्या-जांभळ्या फुलांचं कडं. खालची फुलं गळतात, कडं वर सरकतं आणि बोंड लांबत लांबत पिंपळीसारखं दिसू लागतं.

पूर्वी मी पिवळ्या फुलांची वेडेलिया लावली होती. दिसायला देखणी. पण छाटलेल्या फांद्या मी कुंपणापलीकडे टाकल्या आणि दोन पावसाळ्यांत ती ओढ्यापर्यंत पोचली. मूळची ती मध्य अमेरिकेकडची, आणि जगातल्या 100 उपद्रवी परक्या सजीवांच्या यादीत तिचं नाव आहे. तुमच्याकडे असेल तर छाटणीचा एक तुकडाही पाण्याच्या वाटेला जाऊ देऊ नका.

जलपिंपळीची लागण उसासारखीच. टिपरीवर, म्हणजे उसाच्या तुकड्यावर, डोळा असतो, तसं हिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं. वीतभर तुकडे घ्या, दोन पेरं मातीत जाऊ द्या, फूटभर अंतर ठेवा. त्याआधी हरळी आणि लव्हाळा मुळासकट काढायलाच हवा. इथे आळस केला, की पुढे वर्षभर खुरपं हातातून सुटत नाही. शेणखत थोडंच घाला. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की लावा. मुसळधार पावसात लावलेले तुकडे वाहून जातात. ऊन भरपूर हवं, सावलीत फुलं कमी येतात.

एकदा जीव धरला की उन्हाळ्यात आठवड्याला एखादं पाणी पुरतं. पाण्याची ओढ बसली तर पानं तांबूस होतात, घाबरू नका, पाणी मिळताच पुन्हा फुटतात. कडेला विटांची ओळ लावा, नाहीतर शेजारच्या वाफ्यात शिरेल.

आणि फुलं असताना लेकरांना तिच्यावर अनवाणी खेळायला सोडू नका. दिवसभर तिथे मधमाश्या बसलेल्या असतात.