मशीन कपडे पिळत नाही तेव्हा

मंडळी, कपडे ओलेचिंब निघाले की पहिला प्रश्न येतो, "कोणता पार्ट गेला?" बरीच वर्षं ही यंत्रं उघडून बघितल्यावर माझं मत असं झालंय, की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. पुष्कळदा काहीच मोडलेलं नसतं. मशीनने जोरात फिरायला नकार दिलेला असतो, आणि तो रास्त असतो.

कसा, ते आकड्यांत बघा. ड्रमची त्रिज्या २४ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १२०० फेरे धरा. ड्रमच्या भिंतीला चिकटलेल्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या साधारण ३८५ पट जोर येतो. एका बाजूला अर्धा किलो ओझं जास्त असलं, तर ते ड्रमला १९० किलोच्या ताकदीने बाहेर ओढतं, आणि ही ओढ सेकंदाला २० वेळा गोल फिरते. म्हणून ऑटोमॅटिक मशीन आधी हळू फिरून तोल अजमावतं. जमलं नाही की थांबतं, कपडे पसरवतं, पुन्हा बघतं, शेवटी नाद सोडतं. एकटी जाड चादर टाकली की हमखास हेच होतं. सोबत दोन टॉवेल टाका, गाठोडं सोडवा. रेनकोटसारखं पाणी धरून ठेवणारं कापड मात्र पिळायला लावूच नका. अडकलेलं पाणी अचानक एका बाजूला गेलं तर मशीन जागेवरून उडतं.

मग पाणी बघायचं. ड्रममध्ये पाणी उभं असेल तर मशीन वेग घेणारच नाही. पाईप मागे दुमडला आहे का? पुढे दार असलेल्या मशीनमध्ये बहुधा खालच्या कोपऱ्यात फिल्टर असतो. प्लग काढा, पाणी गरम असेल तर निवू द्या, खाली पसरट भांडं ठेवा आणि झाकण थोडं थोडं सैल करा. नाणी, बटणं, केसांच्या पिना, काय काय निघतं! पावडर जास्त झाली तरी फेस ड्रमला धरून ठेवतो. तेव्हा नुसत्या पाण्याने एकदा खळबळून काढायचं.

सेमी-ऑटोमॅटिकचा ड्रायर वेगळा. त्यात कपड्यांवर जाळीची चकती दाबली नसेल, तर रुमाल किंवा मोजा वरून निसटून टबच्या खाली जातो आणि गुंडाळला जातो. झाकण बंद करूनही ब्रेक सुटत नसेल तर ब्रेकची वायर बघावी लागते. मोटर नुसती गुणगुणते, टब हलत नाही, आणि टब हाताने मोकळा फिरतो, तर संशय कपॅसिटरवर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणाऱ्या भागावर. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते, त्याला हात लावू नका.

दाराचं लॉक, बेल्ट, मोटरचे कार्बन ब्रश हे त्यानंतर. हे काम कारागिराचं.

त्याला बोलावताना "मशीन बंद आहे" एवढंच सांगू नका. पाणी उभं राहतं का, मोटरचा आवाज येतो का, प्लग काढून ड्रम हाताने फिरवला तर मोकळा फिरतो की घरघरतो, हे सांगा. घरघर म्हणजे बहुधा बेअरिंग. मग तो तयारीने येईल.