खार निर्धास्त असताना

(दृश्य: बुंध्यावर थबकलेली खार. एक पंजा छातीशी, नजर थेट कॅमेऱ्यात.)

असा फोटो मिळाला की आपण हरखून जातो. खारीने जणू पोझच दिली! पण तिच्या अंगाकडे बघा. पंजा छातीशी आवळलेला, शेपटी ताठ, सगळी हालचाल बंद. ती घाबरली आहे. पळायचं की थांबायचं, एवढंच तिच्या मनात चाललंय. आता ती बुंध्याला वळसा घालून पलीकडे जाईल, आणि आपण जिकडे सरकू त्याच्या उलट बाजूला राहील.

(दृश्य: फांदीवर बसून बी कुरतडणारी खार.)

आता ही बघा. दोन्ही पंजांत बी धरलंय, ते गरगर फिरवतेय, टरफलाचे तुकडे खाली पडताहेत. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. कुरतडून कुरतडून झिजतात, म्हणूनच मापात राहतात. हे इतकं जवळून टिपायचं, तर आपण तिथे आहोत हे तिच्या खिजगणतीतही नसावं. परसातल्या प्राण्यांचे फोटो काढताना माझ्या लेखी हीच खरी कसोटी. लेन्स केवढी, हा प्रश्न नंतरचा.

मागून चोरपावलांनी जाण्यात काही अर्थ नाही. खारीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. बाजूचं, वरचं आणि बरंचसं मागचंही तिला दिसतं. त्यापेक्षा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, उघडपणे बसावं. सकाळी आणि ऊन कलल्यावर तिची लगबग जास्त असते. कुंपणावरून कुठे उतरते, कुठल्या फांदीवरून कुठे झेप घेते, हे आधी नुसतं बघत राहावं. तिच्या वाटा बऱ्याचदा ठरलेल्या असतात. एकदा त्या कळल्या की तिच्यामागे धावावं लागत नाही. कॅमेरा आधीच तिथे रोखून ठेवता येतो.

(दृश्य: खिडकीची काच, काचेला टेकलेली लेन्स.)

इंग्लंडमधले रिचर्ड आणि चेरी किअर्टन हे भाऊ १८९० च्या दशकापासून पक्ष्यांचे आणि घरट्यांचे फोटो काढत होते. पक्षी गुराढोरांना बिचकत नाहीत हे हेरून त्यांनी पेंढा भरतात तसा एक पोकळ बैल करवून घेतला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन उभे राहिले. घरात बसून फोटो काढणाऱ्याला एवढा खटाटोप नको. खिडकीची सवय परसातल्या जिवांना झालेलीच असते. खोलीतला दिवा बंद करायचा, लेन्स काचेला सरळ भिडवायची. प्रतिबिंब जवळपास नाहीसं होतं.

फोकस मात्र डोळ्यावरच हवा. ३०० मिमी लेन्स, एफ ५.६ अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) आणि तीन मीटरवर खार असेल, तर फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात नीट स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो. नाकावर फोकस गेला की डोळा धूसर होतो, आणि मग बाकी सगळं जमूनही फोटो हातचा जातो. खार खात बसली असेल तर १/२५० सेकंदाचा शटर, म्हणजे उजेड आत येऊ देण्याचा तेवढा वेळ, पुरतो. झेप टिपायची तर १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर हवा.

(दृश्य: खोडावरून डोकं खाली करून उतरणारी खार.)

इथे मागच्या पायांकडे बघा. घोटे चक्क उलटे फिरलेत, नखं सालीत वरच्या बाजूला रुतलीत. त्या नखांच्या आधारावर ती उलटी लटकूनही खाऊ शकते. हा फोटो मला झेपेच्या फोटोपेक्षाही मोलाचा वाटतो, कारण खारीची सगळी करामत त्यात उघडी पडते.

(दृश्य: काडीच्या टोकावर चतुर. मग उन्हात सरडा.)

चतुर उडाला तरी हलू नका. त्याच्या बऱ्याच जाती फेरी मारून पुन्हा त्याच काडीवर येतात. रिकाम्या काडीवर फोकस लावून थांबा. सरडे आणि फुलपाखरं सकाळी अंग तापेपर्यंत उन्हात बसून असतात, तेव्हाच त्यांना गाठावं.

(दृश्य: पानांआडचं घरटं, दुरून.)

घरटं दिसलं की हात शिवशिवतात. पण फोटो स्पष्ट यावा म्हणून आडवी येणारी पानं तोडू नयेत. ऊन आणि शिकारी, दोघांनाही मग पिल्लांपर्यंत मोकळी वाट मिळते. खार शेपटीला झटके देत सारखी चिक्-चिक् करू लागली, तर आधी आसपास मांजर किंवा ससाणा आहे का ते बघा. नसेल तर ती आपल्यालाच हटकतेय, मागे व्हा. खारीची पिल्लं मोठी होऊन बाहेर पडली की खोडाभोवती त्यांचे पाठलाग सुरू होतात. तेव्हा शटर १/२००० वर न्या आणि झूम थोडा कमी करा, म्हणजे पुढची आणि पाठलाग करणारी, दोघीही फ्रेममध्ये मावतील.